बाई, माझा नंबर कधी?

‘बाई, यानं माझं खोडरबर घेतलं.’ ‘बाई, आमच्या गाईला वासरू झालं!’ ‘बाई, झालं.’ ‘बाई, बारा! बारा! बारा!’ ‘बाई, जाऊ?’

पहिलीच्या वर्गात सात अधिक पाचचं गणित चालू असताना दोन मिनिटांत एवढी वाक्यं बाईंच्या कानांवर आदळतात. पाचही मुलं मध्येच बोलली, हे खरं. पण पाचांची कारणं पाच आहेत. पहिल्याला न्याय हवाय. दुसरीच्या गोठ्यात रात्री मोठी घडामोड झाली आणि ती बातमी सकाळपासून तिच्या पोटात मावत नाहीये. तिसऱ्याचं काम संपलंय आणि आता पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नाही. चौथ्याला उत्तर येतंय, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर आपल्याला ते येत होतं हे बाईंना कधीच कळणार नाही, अशी त्याला धास्ती आहे. पाचवीला लघवीला जायचंय. या पाचांनाही ‘मध्ये बोलायचं नाही’ असं एकच उत्तर मिळालं, तर त्यातल्या चौघांचा प्रश्न तसाच राहतो आणि पाचवीची फजिती होते.

लहान मूल मध्ये बोलतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला दोन गोष्टी जमत नसतात. मनातलं न सांडता धरून ठेवणं ही एक, आणि आपला नंबर नक्की येणार यावर विसंबून राहणं ही दुसरी. पहिली वयानं आणि सरावानं येते. दुसरी मात्र जवळजवळ पूर्णपणे मोठ्या माणसांच्या हातात आहे. वर्गात थांबायला शिकवायचं असेल तर मुलाच्या तोंडापेक्षा या दुसऱ्या गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, असं मला ठामपणे वाटतं.

आधी हे पाहू, की ज्या कौशल्याची आपण सहा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा करतो ते किती अवघड आहे. दोन माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला किती वेळ लागतो? तान्या स्टिव्हर्स, स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली जगातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या बोलण्याची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांत जपानी होती, डॅनिश होती, छोट्या समूहांच्या भाषाही होत्या. भाषांमध्ये थोडाफार फरक सापडला, पण सरासरी अंतर निघालं सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं. आता गंमत अशी, की ओळखीच्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नाव उच्चारायलाच मोठ्या माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य चालू असतानाच आपण त्याचा शेवट ताडतो, आपलं उत्तर जुळवतो, ते ओठांवर रोखून धरतो आणि नेमक्या क्षणी सोडतो. हे सगळं आपल्या नकळत, दिवसातून शेकडो वेळा होतं.

याची सुरुवात फार लवकर होते. काही महिन्यांचं बाळ आईच्या ‘अगंऽ’ला हुंकारानं उत्तर देतं, थांबतं, पुन्हा देतं. पण शब्द आले की काम अवघड होतं, कारण आता नुसता आवाज काढून भागत नाही. वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि ते जुळून तयार होईपर्यंत मोठ्यांची गाडी पुढच्या विषयावर गेलेली असते. मग मूल आपलं वाक्य जिथे जागा दिसेल तिथे घुसवतं. ज्याला आपण आगाऊपणा समजतो, तो पुष्कळदा उशिरा पोचलेला प्रतिसाद असतो. जूडी डन आणि मॅरिलिन शॅट्झ यांनी आई आणि थोरलं भावंड बोलत असताना मध्ये शिरणाऱ्या दोन ते तीन वर्षांच्या मुलांचा अभ्यास 1989 साली मांडला. त्या एका वर्षात मुलांचं मध्ये बोलणं चालू विषयाला जास्त धरून होत गेलं. मोठ्यांच्या बोलण्यात शिरता शिरताच मुलं बोलण्यात सामील व्हायला शिकत होती. आपल्याकडे घरोघरी ‘मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये’ असं सांगतात. ते सांगावंही. पण मुलाची ही धडपड कशासाठी चालली आहे हे सांगणाऱ्याला माहीत असलं, तर सांगण्याचा सूर बदलतो.

आता मनातलं धरून ठेवण्याविषयी. ‘दिवस-रात्र’ नावाची एक साधी चाचणी आहे. मुलाला चित्रं दाखवायची. सूर्य दिसला की त्यानं ‘रात्र’ म्हणायचं, चंद्र-चांदण्या दिसल्या की ‘दिवस’. ॲडेल डायमंड आणि सहकाऱ्यांनी 1994 साली साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांवर ती करून पाहिली. पाच वर्षांखालच्या मुलांची चांगलीच त्रेधा उडाली, सहा-सात वर्षांच्यांना ती बरीच सोपी गेली. धाकट्यांना नियम कळत नव्हता असं नाही. सूर्य बघताक्षणी ‘दिवस’ हा शब्द तोंडातून निसटत होता. मेंदूचा कपाळामागचा भाग अशा निसटत्या गोष्टींना आवर घालतो, आणि तो पूर्ण पिकायला विशी उलटावी लागते.

या कथेचा पुढचा भाग शिक्षकांच्या जास्त कामाचा आहे. डायमंड, नताशा कर्कम आणि दिमा अम्सो यांनी 2002 साली त्याच चाचणीत एक छोटा बदल केला. चित्र दाखवल्यावर चाचणी घेणारी व्यक्ती एक लहानशी ओळ गाऊन दाखवायची: उत्तराचा विचार कर, इतक्यात मला सांगू नकोस, अशा अर्थाची. ओळ संपली की मुलानं बोलायचं. एवढ्यानं चार वर्षांच्या मुलांची उत्तरं लक्षणीय सुधारली. मुलं तीच होती, चित्रं तीच होती. बाहेरून कुणीतरी काही सेकंदांचा बांध घालून दिला, आणि आतला बांध अजून कच्चा असूनही काम भागलं. लहान वर्गात थांबायला शिकवण्याच्या ज्या युक्त्या खरोखर चालतात, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी हेच आहे.

आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली युक्ती? ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. तिचा एक उपयोग नाकारता येणार नाही. गोंधळलेला वर्ग तिनं अर्ध्या मिनिटात शांत होतो, आणि चाळीस मुलांपुढे एकट्या उभ्या असलेल्या बाईंना ते अर्धं मिनिट मोलाचं असतं. पण तोंडावर बोट ठेवून बसलेलं मूल केव्हा बोलायचं हे शिकत नाही. बोट काढलं की सगळी एकदम बोलतात. शांतता आणि पाळीपाळीनं बोलणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि दुसरं शिकण्यासाठी मुलांना बोलावंच लागतं.

शांतता हवी असली तरी ती मागायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तिथे त्यांचा ‘शांततेचा खेळ’ जन्मला. मुलं हालचाल आणि आवाज पूर्ण थांबवायचा प्रयत्न करतात. मग शिक्षिका शेजारच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजल्यासारखं घेते, आणि ज्याचं नाव येईल ते मूल चवड्यांवर चालत तिच्याकडे जातं. सगळ्यांची नावं येतात. माझ्या मते खेळाचा जीव इथेच आहे: शेवटचं मूल एवढा वेळ तग धरतं, कारण आपलं नाव यायचंच आहे हे त्याला ठाऊक असतं. भावनगरला गिजुभाई बधेकांनी आणि त्यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी माँटेसरींचे विचार आपल्या मातीत आणले. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो, आणि तो पार फसतो. मुलं आवाज काढतात, हसतात, खेळ उधळून लावतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो, आणि तीच मुलं कान टवकारून बसतात. नव्या मुलांकडून पहिल्या दिवशी संयम मागू नये, आधी थांबण्याजोगं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवावं, हे इतक्या नेटक्या रीतीनं दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

ओरडण्याचा परिणाम काय होतो, हेही मोजलं गेलं आहे. 1968 साली चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या एका वर्गात शिक्षिकांना ‘खाली बसा’ हे वाक्य नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळा म्हणायला सांगितलं. जागेवरून उठणाऱ्या मुलांची संख्या वाढली. दटावलेलं मूल क्षणभर बसतं, म्हणून बाईंना वाटतं की उपाय लागू पडला. पण उठलं की बाई आपल्याकडे बघतात, हाही धडा मुलांना त्याच क्षणी मिळालेला असतो. याच संशोधकांनी त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात दाखवलं, की नुसते नियम सांगून फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो नीट वागणाऱ्या मुलाची नेमकी दखल घेतल्यानं. नेमकी म्हणजे ‘शाब्बास’ एवढं पुरत नाही. ‘तू हात वर ठेवून थांबलीस, मला दिसलं. आता सांग,’ असं वाक्य लागतं. त्यात थांबण्याचं फळ त्याच जागी, सगळ्यांदेखत मिळतं. मध्ये ओरडून सांगितलेल्या उत्तराकडे मात्र, ते बरोबर असलं तरी, वळायचं नाही. हे फार जड जातं, कारण बरोबर उत्तर ऐकलं की शिक्षकाची मान आपोआप हलते. शिवाय सुरुवातीचे काही दिवस मूल आधीपेक्षा मोठ्यानं ओरडतं. आजवर जे चालत आलं ते चालेनासं झालं, म्हणून ते जोर लावून बघत असतं. तेवढे दिवस निभावून न्यावे लागतात.

काही बदल इतके छोटे आहेत की त्यांना प्रशिक्षणसुद्धा लागत नाही. एक उदाहरण वाक्यरचनेचं घ्या. ‘सात आणि पाच किती? हात वर करून सांगा.’ यात हात वर करायची सूचना पोचते तोवर ‘बारा’ हवेत गेलेलं असतं. तीच वाक्यं उलटी करा: ‘आता हात वर करून सांगायचंय. सात आणि पाच किती?’ बांध आधी, पाणी मागून. ‘कोण सांगेल?’ हा प्रश्नही तपासून पाहावा. सहा वर्षांच्या मुलाच्या कानाला ते सरळ आमंत्रण वाटतं, आणि ‘मी!’ हे त्याचं अगदी रास्त उत्तर असतं.

प्रश्न विचारल्यावर किती थांबायचं, याचा शोध मेरी बड रो या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासिकेनं 1970च्या दशकात घेतला. वर्गांमधल्या ध्वनिफिती तपासल्यावर तिला दिसलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते दुसऱ्या कुणाला तरी विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं आणि मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागली. यात आपल्या विषयाशी जोडलेला एक बारीक मुद्दा आहे. एका सेकंदात संपणारी शर्यत फक्त सगळ्यात चपळ मूल जिंकतं, आणि जिंकायचं तर त्याला ओरडावंच लागतं. तीन सेकंद सगळ्यांना मिळणार असतील तर ओरडण्यातला फायदाच जातो. पहिले काही दिवस बाईंनी मनात ‘एक हत्ती, दोन हत्ती, तीन हत्ती’ म्हणावं. तीन सेकंद वाटतात त्याहून लांब असतात.

पण प्रश्नोत्तरं कितीही चांगली झाली तरी वर्गाचं गणित बदलत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवलं आहे. ते पाळलं गेलं, तास तीस मिनिटांचा धरला, आणि बाई अवाक्षरही बोलल्या नाहीत, तरी एका मुलाच्या वाट्याला एक मिनिट येतं. एवढ्या टंचाईत मुलं हिसकाहिसकी करणारच. म्हणून बोलण्याच्या जागाच वाढवायला हव्यात. ‘शेजारच्याला सांग’ म्हटलं की पंधरा मुलं एका वेळी बोलतात आणि पंधरा ऐकतात. यासाठी एलेना बोद्रोव्हा आणि डेबोरा लिओंग यांच्या अभ्यासक्रमातली एक युक्ती मला फार आवडते. दोन मुलं पुस्तक घेऊन बसतात. एकाच्या हातात ओठांचं चित्र, दुसऱ्याच्या हातात कानाचं. ओठवाला सांगतो, कानवाला ऐकतो. मग चित्रांची अदलाबदल होते. सुरुवातीला चित्र लागतं, काही महिन्यांनी ते गळून पडतं. पुठ्ठा आणि खडू एवढंच साहित्य, त्यामुळे कुठल्याही अंगणवाडीत हे उद्यापासून होऊ शकतं.

यामागचा विचार सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्कीचा. खेळात मूल स्वतःच्या वयाहून मोठं असतं, असं तो मानायचा. 1940च्या दशकात त्याच्या परंपरेतल्या मनुइलेन्को या संशोधिकेनं मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसतं सांगितलं तेव्हा मुलं लवकर चुळबुळ करू लागली. तीच मुलं खेळातले पहारेकरी झाल्यावर कितीतरी जास्त वेळ स्थिर राहिली. आपल्या बालवाड्यांमध्ये ताई खोटा माइक फिरवतात, ज्याच्या हातात माइक तो वक्ता आणि बाकीचे श्रोते, त्यात हेच बळ आहे. ‘गप्प बस’ या आज्ञेत मुलाला करण्यासारखं काहीच नसतं. श्रोत्याला मात्र काम असतं.

थांबताना मनातलं कुठे ठेवायचं, हा प्रश्न उरतोच. वासरू झालेल्या मुलीला ‘नंतर सांग’ म्हटलं, तर ‘नंतर’ म्हणजे केव्हा हे तिला कळत नाही. कधीकधी आपणही ते विसरतो, आणि ‘नंतर’ या शब्दावरचा तिचा विश्वास त्या दिवशी उडतो. त्याऐवजी ‘पाटीवर वासराचं चित्र काढून ठेव, गणित झालं की सगळ्यांना दाखव’ म्हटलं, तर बातमी पाटीवर सुरक्षित राहते आणि तिची वेळही ठरते. गणित संपल्यावर बाईंनी स्वतःहून ‘वासराचं काय झालं?’ विचारायलाच हवं. या एका प्रश्नावर पुढच्या कित्येक दिवसांची शिस्त उभी असते. सकाळी परिपाठानंतर पाच मिनिटं फक्त बातम्यांसाठी ठेवली तर दिवसभरातली बरीच लुडबुड आपोआप ओसरते.

बाई दुसऱ्या मुलाशी किंवा पालकांशी बोलत असतील तर एक खूण ठरवावी. मुलानं येऊन बाईंच्या मनगटावर हात ठेवायचा आणि बोलायचं नाही. बाईंनी त्या हातावर आपला हात ठेवायचा: कळलं, आलेच. पहिल्या आठवड्यात बाईंनी चार-पाच सेकंदांतच वळावं, मग हळूहळू ती वेळ वाढवावी. पहिल्याच दिवशी दोन मिनिटं ताटकळत ठेवलं तर खूण मेलीच म्हणून समजा. अशी खूण मराठी मुलांना नवी नाही. करंगळी वर केली की ‘लघवीला जाऊ का?’ हे सगळ्या वर्गाला कळतं, बाई मान हलवतात, आणि शिकवणं एका शब्दानंही अडत नाही. तिची इतकी घट्ट सवय होऊ शकते, तर ‘झालं’ आणि ‘मदत हवी’ यांच्याही खुणा होऊ शकतात. दोन शिक्षकी शाळेत, जिथे एकाच बाईंना एका खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात, तिथे तर त्या लागतातच. बाई तिसरीला भागाकार शिकवत असताना पहिलीच्या मुलानं ‘झालं’ची खूण करायची आणि पुढचं काम कुठे ठेवलंय हे त्याला आधीच माहीत असायचं.

एक गोष्ट मात्र अगदी पहिल्या दिवशी, नियमांच्याही आधी शिकवावी: केव्हा मध्ये बोलायलाच हवं. रक्त आलं, कुणाला उलटी झाली, कुणी पडलं, वर्गात विंचू किंवा साप दिसला, कुणी मारतंय, कुणी नको तिथे हात लावला, तर हात वर करून थांबायचं नाही. धावत यायचं आणि मोठ्यानं सांगायचं. आज्ञाधारक मुलं नियम शब्दशः पाळतात, आणि धोका त्यांनाच जास्त असतो. प्रत्येक प्रसंग मुलांकडून अभिनयानं करून घ्यावा: हे थांबण्याजोगं आहे की धावत येण्याजोगं?

सारखं बोलणारं एखादं मूल असतंच. त्याच्यासाठी मोजणीचे चिंचोके वापरता येतात. तासाच्या सुरुवातीला तीन चिंचोके द्यायचे, आणि दर वेळी बोलल्यावर एक डब्यात टाकायचा. पूर्ण बंदीपेक्षा ठरलेली मर्यादा मुलांना जास्त झेपते. कुठलं बोलणं खर्च करण्याजोगं आहे याचा विचारही त्यात होतो. अबोल मुलाला मात्र चिंचोके संपवायची सक्ती करू नये, तो वेगळा विषय आहे.

सगळ्या वर्गासाठीचा असा खेळ 1969 साली हॅरिएट बॅरिश, म्यूरिएल सॉन्डर्स आणि माँट्रोज वुल्फ यांनी चौथीच्या एका वर्गात केला. वर्गाचे दोन गट पाडले. कुणी न विचारता बोललं किंवा जागेवरून उठलं की त्याच्या गटाच्या नावे फळ्यावर एक खूण व्हायची. खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्या तर गटाला छोटी सवलत. मध्ये बोलणं झपाट्यानं घटलं. पुढे बाल्टिमोर शहरात पहिलीच्या वर्गांवर याचे दीर्घकाळ प्रयोग झाले आणि काही चांगले परिणाम त्या मुलांच्या तरुणपणापर्यंत दिसले. तरीही मला हा खेळ जपून वापरावासा वाटतो. मूळ प्रयोगातच दोन मुलं सतत नियम मोडत राहिली, आणि शेवटी त्यांना गटातून काढून त्यांचा वेगळा गट करावा लागला. आपल्या वर्गांत ‘तुझ्यामुळे हरलो’ हे वाक्य मधल्या सुट्टीत कुठवर जाईल याचा अंदाज बाईंना असायला हवा. ज्या मुलाला थांबणं सगळ्यात अवघड जातं, त्यालाच वर्ग दूर लोटणार असेल, तर फळ्यावरच्या खुणा कितीही कमी झाल्या तरी तो सौदा मला मान्य नाही. बाकावर उभं करणं, तोंडाला पट्टी लावणं, सगळ्यांसमोर लाजवणं यांचा तर प्रश्नच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे.

आतापर्यंत आपण धरून चाललो, की एका वेळी एकानं बोलणं हीच योग्य रीत. ती सगळीकडची रीत नाही. 1970च्या दशकात होनोलुलूमध्ये मूळ हवाईयन मुलांसाठी एक प्रायोगिक शाळा चालत होती. ही मुलं वाचनात मागे पडत. कॅथरिन आऊ या शिक्षिका-संशोधिकेनं तिथल्या दुसरीच्या मुलांचे वाचनाचे तास बारकाईनं अभ्यासले. या मुलांच्या समाजात गोष्ट अनेकांनी मिळून सांगायची रीत आहे. एकाचं वाक्य दुसरा उचलतो, आवाज एकमेकांवर चढतात, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. शिक्षिकेनं गोष्टीवरच्या चर्चेत तसं मिळून बोलू दिलं, तेव्हा मुलं मजकुराला धरून, भरभरून बोलू लागली. आपल्याकडेही चुलीपाशी, पारावर, लग्नघरात गप्पा अशाच चालतात, आणि त्या वातावरणातून आलेलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्या दृष्टीनं ते नीटच वागत असतं. म्हणून घरची रीत वाईट ठरवू नये, वर्गात दोन्ही रीतींना जागा द्यावी. गोष्ट ऐकताना, गाण्यात, कोड्यात सगळ्यांनी एकदम बोलायचं. बेरजेच्या वेळी हात वर करून. फळ्याच्या कोपऱ्यात एका मोठ्या तोंडाचं किंवा वर केलेल्या हाताचं चित्र लावलं, की आत्ता कुठली रीत चालू आहे हे मुलांना बघूनच कळतं.

आणि वर्गात सगळ्यात जास्त मध्ये कोण बोलतं? ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहराच्या सरकारी शाळांचा मॅथ्यू क्राफ्ट आणि मॅनुएल मॉन्टी-नुसबाउम यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की तिथल्या एका वर्गात वर्षाला दोन हजारांहून जास्त वेळा बाहेरून व्यत्यय येतो, आणि त्यापायी शिकवण्याचे दहा ते वीस दिवस वाया जातात. सूचनांचे भोंगे, फोन, दारात येणारी माणसं. आपल्या शाळांमध्ये ‘मोठ्या बाईंनी रजिस्टर मागवलंय’ म्हणत येणारा मुलगा असतो, आणि तातडीनं भरायची ऑनलाइन माहिती असते. मूल बोलत असताना बाईंचा फोन वाजतो आणि बाई तो घेतात, तेव्हा मोठ्यांनी मध्ये बोललेलं चालतं एवढंच मूल शिकतं. अशा वेळी त्या मुलाला ‘जरा थांब हं, तुझं वाक्य अर्धं राहिलंय, मी परत येते’ असं म्हणून बाई खरोखर परत आल्या, तर तो त्या दिवसाचा उत्तम धडा असतो.

याहून खोल जाणारा व्यत्यय भाषेचा असतो. मूल सांगत असतं, ‘काल म्या बा संगं बाजारला गेलतो...’ आणि बाई मध्येच म्हणतात, ‘म्या नाही, मी. गेलो होतो म्हण.’ मूल ‘गेलो होतो’ म्हणतं आणि थांबतं. बाजारात काय झालं ते राहूनच जातं. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, पण तिची वेळ मुलाचं बोलणं संपल्यावरची. बाईंनी नंतर सहज ‘अच्छा, म्हणजे तू बाबांबरोबर बाजारात गेला होतास!’ म्हटलं, की दोन्ही कामं होतात. ज्या वर्गात आपलं वाक्य पुरं होऊ दिलं जातं, तिथे मूल दुसऱ्याचंही होऊ देतं.

एवढं सगळं करूनही काही मुलांना जमत नाही. त्यांच्याबाबत आधी वय पाहावं. एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराच्या अंतराची मुलं असतात, आणि सहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. वर्गातल्या सगळ्यात धाकट्या मुलांवर अतिचंचलतेचा शिक्का जास्त वेळा बसतो, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. मग ऐकू येतं का ते तपासावं. सर्दीनं कान भरलेल्या मुलाला दुसरा बोलतोय हेच कळत नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर फेकणं, नंबर येईपर्यंत थांबता न येणं, इतरांच्या बोलण्यात-खेळात घुसणं ही तिन्ही लक्षणं एडीएचडीच्या, म्हणजे याच अतिचंचलतेच्या, निकषांत आहेत. पण तेवढ्यावर निदान होत नाही. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली, घर आणि शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी, आणि रोजच्या आयुष्यात अडथळा आणणारी असावी लागतात. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. शिक्षकानं पालकांना ‘तुमचं मूल त्रास देतं’ असं न सांगता, केव्हा, किती वेळा, काय करताना असं घडतं याची दोन-तीन आठवड्यांची साधी नोंद द्यावी. निदान झालेल्या मुलालाही वरच्या सगळ्या युक्त्या लागतात, फक्त जास्त दिवस आणि जास्त जवळून.

वेळापत्रकाचं म्हणाल तर जून-जुलैत खुणा आणि खेळ रोज घ्यावेत, तेही मुलं ताजी असताना, सकाळी. मधल्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटायच्या आधी अपेक्षा कमी ठेवाव्यात. गणपतीच्या सुमारास वर्ग बराचसा रुळलेला असतो. दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परततात तेव्हा त्यातलं निम्मं विसरलेली असतात आणि प्रत्येकाकडे किल्ल्याच्या, फराळाच्या, मामाच्या गावच्या बातम्यांचा ढीग असतो. पहिला दिवस त्या बातम्यांना द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी ओठांचं आणि कानाचं चित्र पुन्हा बाहेर काढावं.